पंचनाम्यातला लालसर डाग

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवते याचे अलीकडे बरे वाटते. निवृत्तीनंतर माणूस स्वतःचीच परीक्षा घेत बसतो. चष्मा कुठे ठेवला, गॅस बंद केला का, पहिल्या नेमणुकीवरच्या हवालदाराचा बक्कल नंबर काय होता. बक्कल नंबर ओठांवर येतो, चष्मा मात्र सापडत नाही. असे झाले की मला त्या आजी आठवतात आणि घरातले सगळे दिवे एकदा तपासून येतो.

नाव मी कोणाचेही लिहिणार नाही. शहर आपलेच, पण तेव्हा कागदोपत्री ते औरंगाबाद होते आणि चोरीला जुन्या दंड संहितेचे कलम लागत होते. मी एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो आणि निवृत्तीला दोन वर्षे उरली होती.

एक गोष्ट आधीच कबूल करतो, नाहीतर पुढचे सगळे लटके वाटेल. मी त्या काळात जळत होतो. आमच्याकडे नव्याने आलेल्या एक महिला उपनिरीक्षक होत्या. वय जेमतेम अठ्ठावीस. स्टाफ त्यांना फौजदार मॅडम म्हणायचा. मॅडम येऊन सहा महिने झाले नव्हते, तर लोक ठाण्याच्या दारात येऊन विचारायचे, "मॅडम आहेत का?" मी समोरच्या केबिनमध्ये उघड्या दाराने बसलेला असायचो. चहावाला आधी त्यांच्या टेबलावर कप ठेवायचा. गुन्हे आढाव्याच्या बैठकीत वरिष्ठांनी एकदा त्यांचे नाव घेतले आणि मला "त्यांचे निरीक्षक" म्हटले. तीस वर्षे मी चौकशीतला माणूस म्हणून ओळखला जात होतो. माझ्यासमोर भले भले बोलते व्हायचे, पण त्यासाठी मला आवाज चढवावा लागायचा, टेबलावर हात आपटावा लागायचा. ही मुलगी समोरच्याला पाण्याचा ग्लास द्यायची, गप्प बसायची, आणि माणूस बोलायला लागायचा. याचा मला अतोनात राग येत असे. म्हणून मी त्यांना बंदोबस्त, समन्स, शाळांतली व्याख्याने असली कामे लावून ठेवली होती.

एका सकाळी हजेरी संपली, रात्रपाळीचा ठाणे अंमलदार चार्ज देऊन गेला, आणि एक आजी पायऱ्या चढून आत आल्या. पंचाहत्तरीच्या आतबाहेर. इरकली पातळ, कपाळावर ठसठशीत कुंकू, कमरेला चाव्यांचा जुडगा. मागून त्यांचे यजमान आले. ते सोयगावकडच्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर इथे फ्लॅट घेतला होता, मुलगा पुण्याला नोकरीला होता. आजी माझ्या केबिनवरून सरळ पुढे गेल्या आणि मॅडमच्या टेबलासमोर बसल्या. तेही मला लागले.

"बाई, माझी तक्रार लिहून घ्या," आजी म्हणाल्या. "माझ्या घरात एक बाई घुसली."

"कोण बाई, आजी?" मॅडमनी विचारले.

"नाव सांगत नाय. इचारलं तर नुसती तोंडाकडं बघती. म्हातारी हाय, केस पांढरे फटक. माझंच पातळ नेसती. एवढं मोठं कुंकू लावती आन ह्यांच्या खोलीतच उभी असती."

"घरात तिला आणलं कुणी?"

"कोन आननार? ह्यांनीच." आजींनी यजमानांकडे असे पाहिले की दिवसपाळीच्या ठाणे अंमलदाराने मान खाली घातली. "गावात लोक गुरुजी म्हणून पाया पडत व्हते. आन आता ह्या वयात हे थेरं! मी तिला हळदीकुंकू लावलं. म्हटलं, घरात आलेली सवाष्ण हाय, आपला धर्म आपण पाळावा. तर लावून घेती आन परत लावत नाय. हात बघा कसा उचलून धरती, पण लावत नाय. एवढा माज!"

गुरुजी हळूच म्हणाले, "तसं काही नाही हो मॅडम. हिची तब्येत बरी नसते. घरात आम्ही दोघं, आणि दिवसा हिच्यासाठी एक बाई येते मदतीला. बस."

मी केबिनमध्ये रायटरला, म्हणजे आमच्या लिखाणकामाच्या हवालदाराला, डोळा मारला. सत्तरी उलटल्यावर गुरुजींना पालवी फुटली, असे काहीतरी बोललोही. अदखलपात्रसुद्धा नोंदवायची गरज नाही, समजूत काढून पाठवा, असे मी आतूनच सांगितले. मॅडमनी समजूत काढली, पण आजी गेल्यावर ठाणे दैनंदिनीत अर्धे पान लिहिले. मी ते वाचले नाही. त्यांचे अक्षर सुंदर होते, आणि ते न वाचायला मला तेवढे कारण पुरेसे होते.

दहा-बारा दिवसांनी पुण्याचा मुलगा आला. आजींच्या पाटल्यांची जोडी आणि पुतळ्यांची माळ कपाटातून गेली होती. कुलूप शाबूत, चावी आजींच्या कमरेला. घरात बाहेरचे माणूस एकच, दिवसभर आजींजवळ राहणारी मदतनीस. मुलाने तिचे नाव घेऊन फिर्याद दिली. नोकराने मालकाच्या घरी केलेली चोरी, कलम ३८१. तपास मी स्वतःकडे घेतला. फ्लॅटमधला गुन्हा, शिकलेली माणसे, उघड संशयित. असा गुन्हा मॅडमच्या हाती दिला असता तर पुढच्या बैठकीत पुन्हा त्यांचेच नाव निघाले असते.

घटनास्थळाचा पंचनामा मी तोंडी सांगितला, रायटरने लिहिला. पंचनाम्याचा नियमच असा की दिसेल ते सगळे लिहायचे, अर्थ लावायचा नाही. त्यात एक वाक्य होते: "पूर्वेकडील खोलीत लोखंडी कपाट असून डाव्या दारास उभा आरसा आहे. आरशावर जमिनीपासून अंदाजे साडेचार फूट उंचीवर लालसर डाग दिसतो." पंचांनी सह्या केल्या, मीही केली, आणि तो डाग माझ्या डोक्यातून त्याच क्षणी गेला. माझी स्मरणशक्ती तेव्हा उत्तम होती, हे लक्षात ठेवावे.

मदतनीस बाई चाळिशीच्या होत्या. घर दोन खोल्यांचे, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली मुलीची नर्सिंगची पुस्तके ओळीने लावलेली. झडतीत काही मिळाले नाही. पण त्याच दुपारी शहागंजातला माझा जुना खबऱ्या आला आणि कानाशी लागला, "साब, वो आपकी वाली बाई परसों सराफे में बैठी थी. पाव घंटा बैठी थी, मैंने खुद देखा." मला आणखी काय हवे होते?

मी एका चहात सगळी साखळी जुळवली. आजी ज्या 'दुसऱ्या बाई'ची तक्रार करत होत्या ती हीच. गुरुजींचे तिच्याशी काहीतरी होते. बायकोचे दागिने त्यांनीच काढून हिला दिले आणि ही ते मोडायला सराफ्यात गेली. मत्सर ही पोलिसांच्या फार सवयीची वस्तू आहे. निम्म्या मारामाऱ्या त्यातूनच येतात. म्हणून मला तो दिसला की पुढची गोष्ट मी स्वतःच रचायचो.

मॅडम म्हणाल्या, "सर, पण आजींनी केस पांढरे सांगितले होते. या बाईंचे काळे आहेत."

"म्हाताऱ्या माणसाच्या वर्णनावर काय जायचं, मॅडम?" मी म्हटले, आणि त्यांना जबाब लिहून घ्यायला बसवले. महिलेची चौकशी असल्याने त्यांना बसवणे भागच होते.

मदतनीस बाई खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. मी आवाज चढवला.

"सराफ्यात कशाला गेली होतीस?"

"माझी पोत तुटली व्हती सायेब. ती ओवून घेतली. ही बघा गळ्यात. पटव्याला इचारा."

"आणि आजींचे दागिने?"

"मी हात लावला नाय. आजी मला कधीमधी चापट मारत्यात, ताट फेकत्यात, पर चोर नाय म्हणल्या कधी. दिसभर माझं काय काम असतं सांगू? त्यांना न्हाऊ घालायचं, भरवायचं, रोज तीन-तीनदा आरसा पुसायचा, सुईत दोरा ओवून द्यायचा. घडीघडी सुई मागत्यात."

मॅडम लिहीत होत्या. मी म्हटले, "आरसा, सुई, हे नका लिहू. मुद्द्याचं तेवढं लिहा." मॅडमनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि ती ओळ सोडली.

मग मी तो प्रश्न विचारला. गुरुजींशी तुझा काय संबंध?

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "सायेब, चोर म्हणा. चोरी झाली नाय हे उद्या कळंल तरी. पर हे जे बोलले ना, हे पुसून निघत नाय. माझी पोरगी दवाखान्यात काम करणारे. उद्या लोक तिला माझ्यावरून वळखतील. मला कोण घरात घेईल परत? म्हाताऱ्या माणसांच्या घरात नाव असल्याबिगर कोण शिरू देतं व्हय?"

मला त्यात ढोंग दिसले. गुरुजींनाही मी बोलावून तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला. आयुष्यभर पोरांना प्रश्न विचारलेला तो माणूस माझ्यासमोर एक शब्द बोलला नाही. नुसता टोपीची घडी घालत आणि उलगडत बसला. गप्प बसणे म्हणजे कबुली, असे मी मनात लिहून टाकले.

सूर्य मावळला होता. महिलेला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही, म्हणून बाईंना घरी सोडले आणि सकाळी अकराला हजर राहायला सांगितले. अकरा वाजता अटक करायची, हे माझे ठरले होते. मुलाला तसे कळवलेही.

निघताना मॅडम केबिनमध्ये आल्या. "सर, सकाळी आठ वाजता मी आजींना भेटून येऊ का? साध्या कपड्यांत. फिर्यादीत त्यांचा जबाबच नाही."

नियमाने त्यांचे बरोबर होते. जिची वस्तू गेली तिलाच आम्ही विचारले नव्हते. मी परवानगी दिली. पण रात्री पाणी पिताना डोक्यात आले की आजी या मुलीजवळ बोलल्या तर? जे काही निघेल ते माझ्यासमोर निघाले पाहिजे. म्हणून सकाळी साडेआठला मीही त्या फ्लॅटवर पोचलो. तपासासाठी नव्हे. खरे कारण लिहितो आहे, मत्सरापोटी गेलो.

दार मुलाने उघडले. मॅडम आतल्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या, साधी साडी नेसलेल्या. आजी त्यांच्यासमोर करंडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मॅडमना हळद लावली, कुंकू लावले. मॅडमनी करंड्यात बोट बुडवून आजींना परत लावले. आजींचा चेहरा फुलला. "शिकलेली हाईस, तरी रीत मोडली नायस," असे म्हणून त्यांनी मॅडमच्या गालावरून हात फिरवला.

मग त्यांनी आवाज खाली आणला. "चल, तुला ती दावते."

मॅडमचे मनगट धरून त्या कपाटाजवळ गेल्या. मी दाराच्या आडोशाला उभा होतो. आजी आरशासमोर थांबल्या. पदर नीट केला. करंड्यात बोट बुडवले आणि आरशातल्या कपाळाला कुंकू लावले. मग बोट तसेच हवेत धरून, कपाळ जरासे पुढे करून, त्या थांबून राहिल्या. परत लावून घेण्यासाठी.

किती वेळ थांबल्या असतील, सांगता येत नाही. मला तो फार मोठा वाटला.

"बघितलंस?" त्या मॅडमकडे वळून म्हणाल्या. "हात उचलती आन लावत नाय. तुझ्याकडं पण कशी टकामका बघती. दुपारी मी हिला धुऊन काढते."

आरशात मॅडमही दिसत होत्या. पण आजींना त्याचे काही वाटले नाही, त्यांचे सगळे लक्ष त्या म्हातारीवर होते. साडेचार फुटांवरचा लालसर डाग. मी स्वतः सांगून लिहून घेतला होता.

मला वाटले, आता मॅडम माझ्याकडे वळून बघतील. त्यांनी बघितले नाही. त्यांनी आजींना पुन्हा पलंगावर बसवले आणि अगदी बायकी कुजबुजीत म्हणाल्या, "आजी, एक विचारू? माझी नणंद लई हावरी आहे हो. घरी आली की माझ्या दागिन्यांवर डोळा. कुठं ठेवू सांगा ना." मॅडमचे तेव्हा लग्नही व्हायचे होते.

आजींचे डोळे चमकले. आता त्या या फ्लॅटमध्ये नव्हत्या, सासरी पोचल्या होत्या. "कपाटात ठिवू नको. चावी सासू मागून घेती. माझी माळ सासूबाईंनी नणंदेच्या अंगावर घातली व्हती, लग्नाला म्हणून. परत द्यायला वरीस लावलं. तवापासून मी एक करते." त्यांनी दाराकडे पाहिले. "गोधडी हाय ना, तिचा पायथ्याचा कोपरा उसवायचा. आत घालायचं आन टाके मारायचे. सोनं पायाशी कोन ठिवंल? कुणाच्या ध्यानात येत नाय. घालताना तेवढं म्हणायचं, लक्ष्मीमाय, पोटात घाल."

मुलाने कपाट पालथे घातले होते, पिठाचा डबा चाळणीने चाळला होता, देवघर, माळा, सगळे बघितले होते. गोधड्यांची चवड त्याने नुसती झटकली होती. पायथा कोणी चाचपला नव्हता, आणि मीही चाचपला नसता. आमच्या घरात सोने पायाकडे ठेवले तर आई ओरडली असती.

तिसऱ्या गोधडीचा कोपरा जड लागला. पंचांना बोलावून उसवला. पाटल्यांची जोडी आणि पुतळ्यांची माळ लाल फडक्यात बांधलेली होती. टाके ताजे होते आणि इतके सरळ की मशीनने घातल्यासारखे. आरशातल्या त्या म्हातारीपासून वाचवण्यासाठी आजींनी स्वतःच ते शिवून ठेवले होते, आणि शिवल्याचे विसरून गेल्या होत्या.

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. गुरुजी तिथेच होते. मी माफी मागायला हवी होती. मी विचारले, "तुम्हाला माहीत होतं, त्या आरशाशी भांडतात?"

"व्हय," ते म्हणाले.

"मग काल बोलला का नाहीत?"

"काय बोलू साहेब? माझ्या बायकोला स्वतःचं तोंड ओळखू येत नाही, हे चारचौघांत सांगू? लोकांनी तिला वेडी म्हटलं असतं. आणि खरं सांगू? तेवढा वेळ तरी मी तिचा नवरा असतो. सकाळी ती माझ्यावरून भांडते. संध्याकाळी पाच वाजले की दारात जाऊन उभी राहते. म्हणते, गुरुजी शाळेतून यायची वेळ झाली. मी म्हणतो, अगं मी आलो. तर म्हणते, तुम्ही बसा पाव्हणं, हे येतीलच. चहा टाकते त्याच्यासाठी. त्यातला घोटभर मला मिळत नाही."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "तीस वर्षांचा पोरगा व्हतो मी तेव्हा. सायकलवर यायचो. साहेब, मला त्या पोराचा लई राग येतो. माझ्या बायकोला डोळ्यांत पाणी आणून वाट बघायला लावतो आन येत नाही भाडखाऊ."

मी तीस वर्षांत पुष्कळ कबुलीजबाब ऐकले, पण असा ऐकला नव्हता.

आम्ही गुरुजींना आणि आजींना मेंदूच्या डॉक्टरांकडे जायला सांगितले, आणि मीही बरोबर गेलो. तपासण्या झाल्या, मेंदूचे चित्र काढले. डॉक्टर म्हणाले, अल्झायमर. वयाचा विसरभोळेपणा वेगळा आणि हा आजार वेगळा. यात मेंदूत काही प्रथिने चुकीच्या जागी साठत जातात, गाठी धरतात, पेशींचा एकमेकींशी असलेला संपर्क तुटतो, पेशी मरतात आणि मेंदू हळूहळू आक्रसतो. नव्या आठवणी जिथे तयार होतात त्या भागाला बहुधा आधी धक्का बसतो. म्हणून काल काय केले ते आज आठवत नाही आणि पन्नास वर्षांपूर्वीची नणंद लख्ख आठवते.

मी माझ्यापरीने ते असे समजून घेतले. ठाण्यात दैनंदिनी लिहिणारा अंमलदारच गैरहजर आहे. आजची नोंदच होत नाही, तर उद्या सापडणार काय? पण आतल्या अभिलेख कक्षातली जुनी रजिस्टरे अजून बांधलेली आहेत. कोणी काही विचारले की आजी तिथून उत्तर काढतात. पुढे त्या रजिस्टरांनाही वाळवी लागते, आणि आधी अलीकडची जातात.

"मग आरशाचं काय?" गुरुजींनी विचारले.

डॉक्टर म्हणाले, "त्यांच्या मनात त्या आत्ता पंचवीस-तिशीच्या आहेत, गुरुजी. आरशात म्हातारी दिसते. ती मी कशी असेन? त्यातून ओळख पटवणारा भागही कमजोर झालेला. आणि एक लक्षात ठेवा. प्रसंग पुसला जातो, पण त्यातून आलेली भावना मागे राहते. कशामुळे राग आला ते त्या विसरतात, राग राहतो. म्हणून वाद घालू नका, खरं-खोटं पटवू नका. आरसा झाका." आजार बरा होत नाही, हेही त्यांनी तिथेच सांगितले. गोळ्यांनी काही काळ थोडे सावरते, इतकेच.

घरी आल्यावर गुरुजींनी शाळेने सत्काराला दिलेली शाल आरशावर टाकली. सोयगावहून निघताना मिळालेली ती शाल त्यांनी एकदाही पांघरली नव्हती.

गुन्ह्याचे म्हणाल तर वस्तुस्थितीच्या गैरसमजातून फिर्याद दिली गेली, म्हणून 'क' समरीचा अहवाल न्यायालयात पाठवला. मदतनीस बाईंना मुलाने फोन केला, "या कामावर." त्या म्हणाल्या, "अशी येणार नाय. ज्या जिन्यात मला चोर म्हणला, त्याच जिन्यात सगळ्यांसमोर सांगा." मुलाने तसे सांगितले. शेजारची चार दारे उघडली होती. मग बाई पदर खोचून वर गेल्या आणि आजींची वेणी घालायला बसल्या. मी मात्र जो प्रश्न त्यांना विचारला होता, त्याची माफी मागायला स्वतः गेलो नाही. एका हवालदाराच्या हाती निरोप पाठवला. असला निरोप पाठवायचा नसतो, एवढे तेव्हाही कळत होते.

आणि मी अहवाल लिहिला. "तपास अधिकारी यांनी घटनास्थळाच्या पंचनाम्यातील लालसर डागाचे बारकाईने अवलोकन करून, वयोवृद्ध महिलेस विश्वासात घेऊन, कौशल्याने मुद्देमाल हस्तगत केला." तपास अधिकारी म्हणजे मी. मॅडमचा उल्लेख शेवटी, "सोबत महिला अधिकारी हजर होत्या," एवढाच. वरिष्ठांनी प्रशस्तिपत्र दिले, सेवापुस्तिकेत नोंद झाली. बैठकीत टाळ्या वाजल्या तेव्हा मॅडमनीही वाजवल्या. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर मला राग हवा होता. तो दिसला असता तर माझे समाधान झाले असते. तो नव्हता, आणि त्याचाही मला हेवा वाटला.

पुढे बदल्या झाल्या, मी निवृत्त झालो. गुरुजींचा कधीमधी फोन यायचा. दोन वर्षांपूर्वीचा शेवटचा. मी विचारले, आजी कशा आहेत?

"शांत आहे," ते म्हणाले. "मागच्या महिन्यात शाल घसरून पडली आरशावरची. मला धास्ती वाटली, आता सुरू होणार. तर ही गेली आरशासमोर, हसली, आणि म्हणाली, बसा ना. स्टूल सरकवलं तिच्याकडं. संध्याकाळी दारातही जात नाही आता. त्या पोराची वाटच बघत नाही. मला वाटलं होतं, तो गेला की चहा मला मिळंल."



"साहेब," ते म्हणाले, "ती जळत होती ना, तोवर मी कुणाचा तरी होतो."

हे प्रकरण काय शिकवून गेले, असे लोक विचारतात. या आजाराबद्दल मी जे शिकलो ते वर लिहिले आहे. ते कोणाच्या घरी उपयोगी पडले तर चांगलेच. घरातले म्हातारे माणूस उगाच कोणावर आळ घेऊ लागले, वस्तू लपवू लागले, आरशाशी बोलू लागले, तर ठाण्यात यायच्या आधी डॉक्टरकडे जा. आणि घरात काम करणाऱ्या बाईकडे बोट दाखवण्याआधी गोधडीचा पायथा चाचपा.

माझ्याबद्दलचे तेवढे राहिले. आजींचे सगळे गेले, मत्सर शेवटी गेला. माझे सगळे शाबूत आहे आणि मत्सरही शाबूत आहे. त्या मॅडम आता एका ठाण्याच्या प्रभारी आहेत. परवा वर्तमानपत्रात त्यांचा फोटो पाहिला आणि छातीत तेच जुने टोचले. चष्मा कुठे ठेवतो ते मी रोज विसरतो. टोचणारे काही विसरत नाही. उद्या माझीही रजिस्टरे वाळवी खाऊ लागली तर ते खोटे प्रशस्तिपत्र मला खरे वाटू लागेल, आणि ते चूक आहे हे सांगणारा कोणी उरणार नाही. म्हणून आज हे लिहायला बसलो.

ठाणे दैनंदिनीत चुकलेले खोडायचे नसते, वर पांढरा रंग लावायचा नसतो. चुकीवर एकच रेघ मारायची, चूक खाली वाचता आली पाहिजे. वर बरोबर ते लिहायचे आणि सही करायची. त्याप्रमाणे दुरुस्ती करतो. सदर गुन्ह्याचा उलगडा तपास अधिकाऱ्याने केलेला नाही. तो फौजदार मॅडमनी केला. तपास अधिकारी दाराच्या आड उभा होता.